जॅक जॉन्सन : एका नकोशा जगज्जेत्याचा फेरविचार
(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय सूचनाफलकावर लागला, त्याच दिवशी आपल्यापैकी एका वृद्ध सभासदांनी आम्हांस वाटेत गाठले व विचारले, “अहो, आपल्या ज्ञातीत कोणी मुष्टियोद्धा निपजला आहे काय?” नाही, असे आम्ही सांगितले. “मग हा अमेरिकेतला दांडगेश्वर आमच्या व्यासपीठावर कशासाठी?” असा त्यांचा दुसरा प्रश्न होता. त्याचे उत्तर वाटेत देण्याजोगे नव्हते. ते आज देण्याचा यत्न करीत आहो. आजोबा पहिल्याच रांगेत बसलेले आहेत, तेव्हा उत्तर अपुरे पडल्यास ते आम्हांस सोडणार नाहीत, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे.

जॅक जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी टेक्सस संस्थानातील गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी झाला. त्याचे आईबाप दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. गुलामगिरी कायद्याने संपली होती, तरी तिची सावली संपलेली नव्हती. बाप शाळेत झाडलोट करी व पोरांची पोटे भरी. जॅकचे शिक्षण चार-पाच इयत्तांपलीकडे गेले नाही. पुढे त्याने गोदीत हमाली केली, आणि हमाली करता करता मुठी चालविण्याची विद्या त्याच्या हाती लागली.

ही विद्या त्याला नीट शिकविली ती एका पराभवाने. १९०१ सालच्या फेब्रुवारीत ज्यो कॉयन्स्की नावाचा एक मुरलेला मुष्टियोद्धा गॅल्व्हेस्टनला आला आणि तिसऱ्या फेरीत त्याने जॉन्सनला आडवा केला. त्या काळी टेक्ससमध्ये अशा झुंजींना कायद्याने बंदी होती. पोलिसांनी जिंकणाऱ्याला व हरणाऱ्याला एकाच वेळी धरून तुरुंगात घातले. तेथे ती दोघे तीनएक आठवडे एकत्र राहिली व एकमेकांशी सराव करीत राहिली. कॉयन्स्की ज्यू होता, वयाने वडील होता, आणि त्याने या तरुणाच्या पायांतील चपळाई पाहिली. इतका हलता माणूस मार खाण्यासाठी जन्मलेला नाही, एवढे त्याने त्याला पटवून दिले. आम्हांस वाटते, जॉन्सनची पुढची सगळी कला या एका उपदेशातून निघाली.

त्या कलेविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. कारण त्याच्या चालीरीतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे, कलेवर त्या मानाने थोडे. मुष्टियुद्ध म्हणजे दोन रेड्यांची टक्कर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कुस्तीविषयी आपली अशी समजूत नाही, कारण कुस्तीतले डाव-पेच आपण लहानपणापासून ऐकतो. जॉन्सनच्या झुंजीच्या चित्रफिती आजही पाहावयास मिळतात. त्या पाहिल्या म्हणजे जुन्या फडातल्या एखाद्या कसलेल्या वस्तादाची आठवण होते. तो धावून जात नाही. मागच्या पायावर भार देऊन उभा राहतो, हात सैल ठेवतो, आणि समोरच्याने ठोसा उगारला की तो उघड्या तळव्याने हवेतच झेलतो. पुष्कळदा तर तो प्रतिस्पर्ध्याच्या दंडावर आपला पंजा अगोदरच ठेवतो, म्हणजे ठोसा खांद्यातून निघण्यापूर्वीच दाबला जातो. समोरचा माणूस चुकला, त्याचा तोल किंचित पुढे गेला, की खालून वर येणारा एकच आखूड ठोसा. मग पुन्हा मागे सरणे, पुन्हा हसणे. या सर्वांत घाई म्हणून कोठे नाही.

त्या काळच्या गोऱ्या वार्ताहरांनी या पद्धतीला आळस म्हटले, काहींनी भित्रेपणाही म्हटले. वस्तुतः जिम कॉर्बेट या गोऱ्या जगज्जेत्याने याच जातीचा सावध खेळ केला, तेव्हा त्यास शास्त्रशुद्ध खेळ म्हणून गौरविण्यात आले होते. एकच गुण एकाच्या अंगी बुद्धी ठरतो आणि दुसऱ्याच्या अंगी लबाडी. श्रोतेहो, हा अनुभव केवळ अमेरिकेचा नव्हे, हे आम्ही येथे सांगावयास नको.

१९०३ साली जॉन्सनने कृष्णवर्णीयांचे म्हणून जे वेगळे अजिंक्यपद असे, ते जिंकले. खरे अजिंक्यपद जेम्स जेफ्रीज या गोऱ्या योद्ध्याकडे होते व कृष्णवर्णीयाशी त्या पदासाठी लढणार नाही, असा त्याचा बाणा होता. १९०५ साली तो अपराजित म्हणून निवृत्त झाला. पुढे हे पद टॉमी बर्न्स या कॅनडाच्या योद्ध्याकडे गेले. जॉन्सन त्याच्या मागे इंग्लंडात गेला, तेथून ऑस्ट्रेलियात गेला. अखेर बर्न्सला तीस हजार डॉलरांची हमी मिळाली, तेव्हा तो तयार झाला. जॉन्सनच्या वाट्याला पाच हजार यावयाचे होते. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी शहरी ती झुंज झाली. चौदाव्या फेरीत पोलिसांनी ती थांबविली, चित्रफितीचे यंत्रही थांबविण्यात आले. गोरा योद्धा खाली पडताना जगाने पाहू नये, हा त्यातला हेतू उघड होता. जॅक लंडनसारखा थोर कादंबरीकार त्या झुंजीस वार्ताहर म्हणून हजर होता. त्याने आपल्या वृत्तान्तात जेफ्रीजला शेतावरून परत येऊन ते हसू पुसून टाकण्याचे आवाहन केले. एवढा मोठा लेखक, श्रमिकांचा कैवार घेणारा, आणि त्याला खुपले ते काय, तर एका कृष्णवर्णीयाचे हसू!

जेफ्रीज आला. सुमारे सहा वर्षे तो रिंगणात उतरला नव्हता, वजन शंभरएक पौंडांनी उतरवावे लागले. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी झुंजीस मनाई केल्यामुळे ती नेव्हाडातील रीनो या लहानशा गावी हलविण्यात आली. ४ जुलै १९१०, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. सुमारे वीस हजार प्रेक्षक जमले होते. जेफ्रीजच्या कोपऱ्यात उभा राहून कॉर्बेट जॉन्सनला शिव्या मोजत होता, आणि जॉन्सन लढता लढता त्याला उत्तरे देत होता. पंधराव्या फेरीत जेफ्रीज आयुष्यात पहिल्यांदा खाली पडला. त्या रात्री अमेरिकेतील कितीतरी शहरांत दंगली उसळल्या. मृतांचे आकडे निरनिराळे दिले जातात. वीसच्या आसपास माणसे गेली असे धरून चालले तर फारशी चूक होणार नाही. त्यांपैकी बहुतेक कृष्णवर्णीय होती. झुंजीच्या चित्रफितीवर ठिकठिकाणी बंदी आली, आणि १९१२ साली तर अशा फिती एका संस्थानातून दुसऱ्यात नेणे हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरविण्यात आला.

येथपर्यंतची कथा वीरकथा आहे व ती सांगताना आमचा आवाज थोडा चढला असेल, त्याबद्दल क्षमा असावी. वाद सुरू होतो तो यानंतर.

जॉन्सन नम्र नव्हता. सोन्याचे दात, भारी पोशाख, भरधाव मोटारी, आणि शिकागोत स्वतःचे झगझगीत उपाहारगृह, असा त्याचा थाट होता. त्याने तीन वेळा गोऱ्या स्त्रियांशी विवाह केले. ज्या काळात एवढ्या संशयावरून कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून मारीत, त्या काळात तो त्या स्त्रियांसह उघड्या मोटारीतून हिंडत असे. गोऱ्यांचा क्रोध समजण्यासारखा आहे, म्हणजे तो कोठून आला हे समजते. आम्हांस अधिक विचारात पाडते ती त्याच्या स्वतःच्या समाजाची प्रतिक्रिया. बुकर टी. वॉशिंग्टन हे त्या समाजाचे सर्वमान्य पुढारी. टस्कीगी येथील संस्थेचे संस्थापक. शिक्षण, उद्योग आणि सदाचरण यांच्या बळावर समाज वर येईल, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी जॉन्सनचा जाहीर निषेध केला. एका माणसाच्या वर्तनाने सबंध समाजाची हानी होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उलट डु बॉइस या विद्वानाने १९१४ साली आपल्या नियतकालिकात लिहिले, की जॉन्सनवरील रोषाचे खरे कारण त्याचे वर्तन नसून त्याचा अक्षम्य काळेपणा आहे. तसेच वर्तन करणारे गोरे मुष्टियोद्धे काही थोडे नव्हते, आणि त्यांच्या वर्तनाने कोणी सबंध गोऱ्या समाजाची परीक्षा केली नव्हती.

आम्ही तरुणपणी वॉशिंग्टनसाहेबांच्या बाजूचे होतो. मंडळाच्या कामात आयुष्य घालविणारा कोणीही तसा असणारच. शिष्यवृत्त्या द्यावयाच्या, गुणी मुलांचे सत्कार करावयाचे, लोकांनी आपल्या ज्ञातीकडे बोट दाखवू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावयाचे. ही वृत्ती वाईट आहे असे आम्ही अजूनही म्हणणार नाही. परंतु तिची किंमत कोणाला मोजावी लागते, ते पाहिले पाहिजे.

जॉन्सनच्याच काळात आपल्याकडे पुण्या-मुंबईत पालवणकर बाळू खेळत होते. चर्मकार समाजात जन्मलेले हे असामान्य गोलंदाज. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सवर्णांस चाले, पण चहा त्यांना वेगळ्या भांड्यातून व बाहेर बसून प्यावा लागे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांस कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. बाळूंची आठवण काढताना त्यांच्या सौजन्याची, शांत स्वभावाची वाखाणणी आपण नेहमी ऐकतो. ते सौजन्य खरेच होते. पण ते नसते तर? ११४ बळींतला एक तरी कमी झाला असता काय?

आता जॉन्सनची दुसरी बाजू. ती झाकून ठेवून त्याचे स्मारक उभारणे आम्हांस मान्य नाही. एटा ड्युरिया या आपल्या सहचरीला त्याने १९१० च्या नाताळात इतकी मारहाण केली, की तिला रुग्णालयात न्यावे लागले. पुढच्या वर्षी तिने त्याच्याशीच विवाह केला. सप्टेंबर १९१२ मध्ये त्या उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. नवऱ्याचा हात, त्याची बाहेरची प्रकरणे, गोऱ्या समाजाने टाकलेला बहिष्कार, यांपैकी कशाने ती खचली याचा निवाडा आज कोणी करू शकणार नाही. पण मारणारा हात तोच होता, ज्याच्या कौशल्याचे वर्णन आम्ही घटकाभरापूर्वी एवढ्या प्रेमाने केले. रिंगणात ज्याने उगाच कोणास ठोसा मारला नाही, त्याने घरात तो मारला. याला आमच्यापाशी कसलेही समर्थन नाही, आणि वर्णद्वेषाच्या नावाने त्याचे समर्थन करणाऱ्यांचे आम्ही ऐकणारही नाही.

दुसरा दोष धंद्यातला. सॅम लँगफर्ड, ज्यो जीनेट, सॅम मॅक्व्हे हे त्याच्याच वर्णाचे श्रेष्ठ योद्धे. लँगफर्डला त्याने १९०६ साली हरविले होते. लँगफर्ड तेव्हा त्याच्याहून तीसेक पौंडांनी हलका होता. जगज्जेता झाल्यावर मात्र जॉन्सनने या तिघांपैकी एकालाही अजिंक्यपदासाठी संधी दिली नाही. त्या पदासाठी तो एकाच कृष्णवर्णीयाशी लढला, १९१३ साली पॅरिसमध्ये, आणि तो या तिघांपैकी नव्हता. कारण स्पष्ट होते : गोऱ्याशी लढण्यात पैसा होता. जे दार जेफ्रीजने त्याच्यासमोर लावले, तेच त्याने आत गेल्यावर मागून लावून घेतले. लँगफर्ड पुढे आंधळा झाला आणि हार्लेममध्ये दारिद्र्यात दिवस काढीत राहिला. १९४४ साली एका वार्ताहराने त्याला शोधून काढले, तेव्हा लोकांस कळले की हा अजून जिवंत आहे. कष्टाने वर चढलेल्या माणसाने मागची शिडी ओढून घेण्याचे हे उदाहरण आमच्या मते त्याच्या मोटारींहून व लग्नांहून अधिक लाजिरवाणे आहे. गंमत अशी, की त्याच्या निंदकांनी हा दोष फारसा मोजलाच नाही.

सरकारने त्याला पकडले ते भलत्याच बाबतीत. अनैतिक व्यापारासाठी स्त्रियांना एका संस्थानातून दुसऱ्यात नेण्याविरुद्ध १९१० साली एक कायदा झाला होता. हेतू चांगला होता. त्या कायद्याखाली प्रथम ल्यूसिल कॅमेरॉन या तरुणीच्या संदर्भात त्याला अटक झाली. तिने त्याच्याविरुद्ध बोलण्याचे नाकारले व डिसेंबर १९१२ मध्ये त्याच्याशी लग्न केले. मग बेल श्रायबर या त्याच्या जुन्या सोबतिणीला साक्षीला आणले गेले. १९१३ साली, सर्व गोऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरविले. शिक्षा एक वर्ष एक दिवस. तो कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला. सात वर्षे परदेशात भटकला. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलार्डने त्याला सव्विसाव्या फेरीत पाडले. आपण मुद्दाम हरलो असे जॉन्सन पुढे सांगत असे, आणि पडल्या पडल्या हाताने डोळ्यांवर सावली धरल्याचे छायाचित्र लोक पुरावा म्हणून दाखवीत. आम्हांस हे पटत नाही. ज्याला हरावयाचे आहे तो सदतिसाव्या वर्षी, भर उन्हात, सव्वीस फेऱ्या कशाला लढेल? विलार्डनेही पुढे असाच काहीसा टोला दिला होता. जॉन्सन म्हातारा होत होता आणि हरला. ते कबूल करणे त्याला जड गेले, इतकेच.

१९२० च्या जुलैत मेक्सिकोच्या सरहद्दीवर तो स्वतःहून स्वाधीन झाला व लेव्हनवर्थच्या तुरुंगात त्याने शिक्षा भोगली. नटबोल्ट आवळण्याच्या पान्यात त्याने एक सुधारणा सुचविली व १९२२ साली तिचे एकस्व मिळविले. आपल्या तंत्रनिकेतनातील मुलांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

पुढे ज्यो लुई आला. त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला ताकीदच दिली, की गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू नकोस, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसू नकोस. थोडक्यात, जॉन्सन होऊ नकोस. अशा अटींवर १९३७ साली, म्हणजे बावीस वर्षांनी, हे पद पुन्हा कृष्णवर्णीयाकडे आले. लुई खरोखर सज्जन होता. वृद्ध जॉन्सनने मात्र त्याच्याविषयी असूया बाळगली. १९३६ साली श्मेलिंग हा जर्मन योद्धा लुईला हरवील, असे त्याने जाहीरपणे सांगितले. डावा ठोसा मारल्यावर लुईचा हात खाली राहतो, हे त्याच्या नजरेने टिपले होते. झालेही तसेच. दृष्टी अचूक आणि मन खोटे, असा हा विलक्षण योग.

१० जून १९४६ रोजी उत्तर कॅरोलिनात मोटारीच्या अपघातात त्याचा अंत झाला. वाटेतल्या एका खाणावळीत वर्णावरून त्याला वागणूक नीट मिळाली नाही, म्हणून तो संतापाने भरधाव निघाला होता, असे सांगतात. शिकागोत एटाच्या शेजारीच त्याला पुरले. तिने याला संमती दिली असती काय, हे विचारणारा कोणी नव्हता.

मग काळ फिरला. १९६०-७० च्या दशकात त्याच्या जीवनावरील नाटक गाजले. मुहम्मद अलीला त्यात आपलीच कथा दिसली. आणि २४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. माफी हा शब्द आम्हांस खटकतो, कारण ती अपराध्याला द्यावयाची असते. ज्या गोष्टीसाठी त्याला शिक्षा झाली ती अपराध नव्हती, आणि जे अपराध होते त्यांसाठी कोणीच त्याच्यावर खटला भरला नाही. एटाच्या वतीने माफी देण्याचा अधिकार तर कोणत्याच राष्ट्राध्यक्षाला नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेच्या संपादक मंडळावर आम्ही होतो. ज्ञातीतील एका मल्लाचे नाव ‘आपले गुणवंत’ या सदरासाठी आले. कुस्तीत त्याने मिळविलेल्या यशाविषयी दुमत नव्हते. परंतु त्याने ज्ञातीबाहेर विवाह केला होता, सभांतून तो वडीलधाऱ्यांना तोंडावर बोलत असे, आणि भाऊबंदकीच्या एका मारामारीत त्याला न्यायालयाने दंड केला होता. त्याचे छायाचित्र छापू नये, असे आम्ही म्हटले. ‘समाजाचे नाव’ हे शब्द आम्हीच वापरले. ठराव एकमताने झाला. आज विचार करता लक्षात येते, की त्या बैठकीत आम्ही मारामारीविषयी दोन वाक्ये बोललो आणि लग्नाविषयी अर्धा तास. तो मल्ल आता हयात नाही. त्याची पत्नी गेल्या वर्षी आमच्याकडे आली, तिने एका शब्दानेही तक्रार केली नाही, चहा घेतला, आणि जाताना ते जुने छायाचित्र टेबलावर ठेवून गेली.

ते छायाचित्र आम्ही आज बरोबर आणले आहे. सोबतचा मजकूरही लिहून आणला आहे. त्यात जिंकलेल्या कुस्त्या आहेत, विवाहाचा उल्लेख आहे, आणि न्यायालयाची हकीकतही गाळलेली नाही. तो त्याच्या पत्नीने वाचला असून एका ठिकाणी साल दुरुस्त करून दिले आहे. हे दोन्ही आम्ही अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो. अंक छापखान्यात जाण्यास अजून अवधी आहे, असे चिटणीसांकडून कळते.